घुरघुर, शिट्टी आणि पोट उडणं

माझी भाची बाळंतपणाला माहेरी आली होती तेव्हाची गोष्ट. बाळ सव्वा महिन्याचं आणि घरात एकच विषय, ते घुरघुरतं. रात्री दोन वाजता सगळे पाळण्याभोवती उभे. आमची आई, म्हणजे बाळाची पणजी, म्हणाली छाती भरलीय, ताई म्हणाली काल हिने केळं खाल्लं ना त्याचंच आहे हे, भाची बिचारी रडकुंडीला आलेली, आणि बाळ मात्र पोटभर दूध पिऊन हातपाय झाडत ट्यूबलाइटकडे टकामका बघत होतं. सकाळी डॉक्टरांनी शर्ट वर करून मिनिटभर नुसतं छातीकडे पाहिलं आणि म्हणाले, काही नाही, नाकाचा आवाज आहे. ताईला ते अजिबात पटलं नाही, एवढी फी घेऊन साधं स्टेथोस्कोप तरी आधी लावायचं ना!

पण ते बघणंच खरं महत्त्वाचं होतं, हे मला नंतर वाचताना कळलं. आपण लहान मुलांच्या श्वासाच्या आवाजाला घाबरतो, आणि खरा धोका बऱ्याचदा आवाजात नसतो, दिसण्यात असतो.

घुरघुरीचं कारण साधं आहे. पहिले काही महिने बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, तोंडाने घ्यायचं त्यांना अजून नीट जमत नाही. नाक इवलंसं, त्यात थोडा शेंबूड, थोडं वर आलेलं दूध, की हवा जाता-येता आवाज करणारच. सलाइनचे दोन थेंब टाकले की बऱ्याचदा मोकळं होतं. तेल नको. आपल्याकडे मालिश करणाऱ्या बाई बाळाच्या नाकात तेल सोडतात, कुठे तूप सोडतात, त्यातलं थोडं सरळ फुफ्फुसात उतरू शकतं आणि तेलाचा न्यूमोनिया होतो, तो नेहमीच्या अँटिबायोटिकने बरा होत नाही कारण तिथे जंतू नसतात, तेल असतं.

आता नळीचं गणित बघा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नवजात बाळाची श्वासनळी स्वरयंत्राच्या जरा खाली साधारण ४ मिलिमीटर रुंद असते, जाड स्ट्रॉपेक्षाही बारीक. सर्दीने आतल्या अस्तराला सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली तर उरली २ मिलिमीटर. तुम्ही म्हणाल अर्धी झाली, म्हणजे त्रास दुप्पट. नाही ना. पॉइझय नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या दशकात बारीक नळ्यांमधून द्रव सोडून दाखवलं होतं की नळीची त्रिज्या कमी झाली की वाहण्याला होणारा विरोध चौथ्या घाताने वाढतो, हवा शांतपणे वाहत असेल तर तिलाही हाच हिशोब लागू पडतो. म्हणजे नळी निम्मी झाली तर विरोध सोळापट! तेवढीच १ मिलिमीटर सूज ८ मिलिमीटरच्या नळीत आली तर विरोध जेमतेम तिप्पट होतो. म्हणून एकाच घरात, एकाच व्हायरसने बाबाला नुसती शिंक येते आणि बाळाला हॉस्पिटलात न्यावं लागतं.

मग बाळ काय करतं? खोल श्वास घेऊ शकत नाही, कारण त्याच्या बरगड्या आपल्यासारख्या तिरक्या नसतात, जवळजवळ आडव्या असतात, त्यामुळे छाती फारशी फुगत नाही. सगळा भार पोट आणि छातीमधल्या पडद्यावर. एकच उपाय उरतो, भराभर श्वास घ्यायचा. आणि जोर लावून हवा ओढली की मऊ छाती बाहेर यायच्या ऐवजी आत जाते, बरगड्यांखाली खड्डे पडतात. यालाच आपल्या आज्या पोट उडतंय म्हणतात. आज्यांचं निरीक्षण एकदम बरोबर आहे, उपाय मात्र कधीकधी भयंकर असतात. मेळघाटात पोटावर चटके देण्याची प्रथा अजून पूर्ण गेलेली नाही.

याच भराभर श्वासावर गडचिरोलीत एक सुंदर काम झालंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकाच्या शेवटी गावातल्या कमी शिकलेल्या माणसांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला आणि अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. ना एक्सरे, ना स्टेथोस्कोप. ज्यांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं यंत्र बनवलं, शेजारी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत ठरलेले मणी संपले की समजायचं न्यूमोनिया. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा पेपर आला, ज्या गावांत हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू बाकीच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

हे मोजणं घरी कोणालाही जमतं. बाळ झोपलेलं किंवा शांत हवं, रडणाऱ्या बाळाचे श्वास मोजण्यात अर्थ नाही. मोबाइलवर टायमर लावा आणि पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्ही बाळं मध्येच पाच-दहा सेकंद श्वास थांबवतात आणि मग भराभर घेतात, ते नॉर्मल असतं. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे आहेत की २ महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. असं असेल, किंवा खड्डे पडत असतील, कण्हत असेल, दूध पिता पिता दमून सोडून देत असेल तर डॉक्टरांकडे त्याच दिवशी. ओठ निळे पडले, बाळ मलूल झालं, श्वास पंधरा-वीस सेकंद थांबला तर तशाच अवस्थेत हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही.

बरं, आता शिट्टी. नाकाची घुरघुर वरची, शिट्टी खालची, श्वास सोडताना छातीतून सूंऽऽ असा बारीक आवाज. वर्षाच्या आतल्या बाळाला पहिल्यांदा हे झालं तर बहुतेक वेळा ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्यांची सूज, असतो, आणि तो करणारा मुख्य व्हायरस आरएसव्ही. गंमत म्हणजे हा व्हायरस १९५० च्या दशकात पहिल्यांदा सापडला तो सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. आपल्याकडे पावसाळ्यापासून थंडीपर्यंत त्याचा जोर. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त त्रास होतो आणि मग उतरतो, अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कारण व्हायरस. बहुतेक बाळांना नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं दूध पाजणं एवढंच लागतं, काहींना ऑक्सिजन.

पण पोरगं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा शिट्टी वाजवायला लागलं की घरात तो शब्द येतो, बालदमा. खरं तर येत नाही. डॉक्टर पण जपून 'ॲलर्जिक ब्राँकायटिस' म्हणतात कारण दमा म्हटलं की आईवडील दुसरा डॉक्टर शोधतात, आणि मुलगी असेल तर लग्नापर्यंतचा विचार दोन मिनिटांत होऊन जातो.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये १९८० पासून बाराशेवर बाळांचा जन्मापासून पाठपुरावा केला गेला. १९९५ मध्ये त्यातल्या ८२६ मुलांचा हिशोब छापून आला. सहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ निम्म्यांना कधी ना कधी शिट्टी वाजली होती. पण ज्यांना तीन वर्षांच्या आत वाजली त्यातल्या साधारण ६० टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. म्हणजे ती मुलं दमेकरी नव्हतीच, त्यांच्या नळ्या मुळात बारीक होत्या, वाढल्या, प्रश्न मिटला. ज्यांची राहिली त्यांच्यात आईला दमा असणं आणि ॲलर्जी असणं जास्त होतं. म्हणून डॉक्टर विचारतात घरात कोणाला दमा आहे का, बाळाला इसब होतं का, सर्दी नसतानाही खोकतं का, आणि आपण लगेच 'छे छे, आमच्याकडे कोणाला नाही' म्हणतो. खरं सांगा हो. आमच्याकडे आजोबांना होता आणि ताईने तो 'सिगारेटचा खोकला' म्हणून सांगितला.

ॲलर्जी हा शब्दसुद्धा एका बालरोगतज्ज्ञाचाच आहे, व्हिएन्नाचे क्लेमेन्स फॉन पिर्के, १९०६. शरीर एखाद्या निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजून तिच्याविरुद्ध आयजीई नावाच्या अँटिबॉडी तयार करतं, त्या काही पेशींवर बंदुकीच्या चापासारख्या बसून राहतात, पुढच्या वेळी ती वस्तू आली की चाप ओढला जातो, हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं, सूज, पाणी, खाज, आणि नळीत झालं तर नळी आवळते.

आपल्याकडच्या घरात ही वस्तू कोणती? दही-केळं नाही, धुळीतला माइट. पाव मिलिमीटरचा आठ पायांचा जीव, कोळ्याच्या लांबच्या नात्यातला, आपल्या अंगाच्या गळलेल्या कातडीच्या कणांवर जगतो, गादी-उशीत राहतो. त्याला पाणी प्यावं लागत नाही, हवेतली दमट ओल अंगातून शोषून घेतो, म्हणून मुंबई-कोकणात त्याची चैन असते. ॲलर्जी मुख्यतः त्याच्या विष्ठेची. आजी गोधड्या कडक उन्हात टाकायची ते शास्त्रीयच होतं, उन्हाने माइट सुकून मरतात. पण विष्ठा आत राहतेच, तेव्हा नंतर बाहेरच झटकायच्या, पोरगं आसपास नसताना, आणि चादरी-अभ्रे गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास, धुवायचे. आणि झुरळं. झुरळांचीही ॲलर्जी असते, कॉलन्यांमध्ये हे कोणी बोलतच नाही.

धुराची गोष्ट वेगळी. धूर ही ॲलर्जी नाही, तो कोणालाही झोंबतो. पण सुजलेल्या नळीला दुप्पट झोंबतो. मच्छर कॉइलच्या एका अभ्यासात एक कॉइल जळून जेवढे सूक्ष्म कण हवेत जातात ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके निघाले होते, आणि आपण ती खिडक्या बंद करून पाळण्याखाली लावतो. दिवाळीत पुण्यात चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाके मोजले होते तेव्हा सगळ्यात जास्त सूक्ष्म कण सोडणारा निघाला तो काळा साप, तोच जो आवाज करत नाही म्हणून लहान मुलांच्या हातात देतात! आणि आता जरा नाजूक विषय, बाळाची धुरी. अंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा-वेखंड टाकून बाळाला वरून फिरवायचं. वास मलाही आवडतो. पण त्या ४ मिलिमीटरच्या नळीचं गणित आठवलं की आवडत नाही. कापराची पुरचुंडी, कापूर-मेंथॉलचा बाम, हेही दोन वर्षांखाली नको, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

खोकल्याचं औषधही तसंच. सर्दीचं एक नेहमीचं मिश्रण, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन, चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं. छिंदवाड्यात २०२५ मध्ये भेसळयुक्त कफ सिरपने वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली कित्येक नागपूरला उपचाराला आणलेली होती. वर्षाच्या वरच्या मुलाला चमचाभर मध बरा. वर्षाखाली मधाचं बोटसुद्धा नको, त्यात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात.

आणि पंप, म्हणजे दम्याचा इनहेलर. 'पंपाची सवय लागते' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! हिशोब करा, साल्ब्युटामॉल या आवळलेली नळी मोकळी करणाऱ्या औषधाच्या सिरपच्या एका चमच्यात, ५ मिलीत, २ मिलिग्रॅम औषध असतं, ते पोटातून रक्तात, तिथून सगळ्या अंगात, म्हणून पोराचे हात थरथरतात आणि छाती धडधडते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या एका चमच्यात पंपाचे वीस दाब बसतात. आणि पंपातून औषध थेट नळीपर्यंत पोचवता येतं. रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाने उंचीवर थोडा परिणाम होतो हे खरं आहे, वर्षानुवर्षं घेतल्यावर साधारण सेंटिमीटरभर, पण दम्याने रात्र रात्र न झोपणारं पोरगं काय उंच होणार? लहान मुलाला दाब आणि श्वास एकाच वेळी जमत नाही म्हणून मधे स्पेसर, म्हणजे एक पोकळ नळकांडं, लावतात, मास्कसकट, मग ते औषधाचा फवारा करणाऱ्या नेब्युलायझर मशीनइतकंच काम करतं. नेब्युलायझरला लोक 'मशीनची वाफ' म्हणतात आणि मग घरी पातेल्यात पाणी उकळून तीच वाफ समजून पोराला देतात. ती वाफ औषध नाही, तिने नुसतं भाजतं. स्पेसर महाग वाटत असेल तर दक्षिण आफ्रिकेत डॉक्टरांनी ५०० मिलीच्या साध्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या मापाचं भोक पाडून स्पेसर बनवला होता, १९९९ मध्ये तपासलं तर तो विकतच्याइतकाच चालला.

एक राहिलंच, शेंगदाणा. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी ज्यांना वर्षाच्या आतच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी ३ टक्के निघाली, ज्यांना दूर ठेवलं त्यांच्यात १७ टक्के. पण त्यांनी मऊ पदार्थ दिले, अख्खा दाणा नाही. अख्खा दाणा, फुटाणा, सीताफळाची बी, चिंचोका हे चार-पाच वर्षांपर्यंत हातात द्यायचं नाही. खेळता खेळता अचानक ठसका लागला आणि नंतर एकाच बाजूने शिट्टी यायला लागली तर तो दमा नसतो, नळीत दाणा अडकलेला असतो, आणि पोरगं आठवडाभर कफ सिरप पीत बसतं.

भाचीचं बाळ आता अडीच वर्षांचं आहे. गणपतीत सर्दी झाली, छातीतून सूंऽऽ ऐकू आलं, ताईने आधी शर्ट वर केला, मग मोबाइल काढला. मिनिटभर कोणाला बोलू दिलं नाही. 'चौतीस. खड्डे पण नाहीत. दुपारी डॉक्टरकडे नेऊ, आता झोपू दे त्याला.' पणजी म्हणाली, केळं दिलं होतं ना काल?