पळून जाणारी जोडपी आणि तांब्याचे पत्रे

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश प्रेमचित्रांमागे दोन कायदे उभे आहेत. पहिला १७३५ सालचा. चित्रकार विल्यम होगार्थच्या खटपटीमुळे छापचित्राला चौदा वर्षांचे नकलेपासून संरक्षण मिळाले. १७६७ मध्ये ती मुदत अठ्ठावीस वर्षे झाली. अट एवढीच, की मालकाचे नाव आणि प्रकाशनाची तारीख छपाईच्या तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली हवी. होगार्थची ‘आधी’ आणि ‘नंतर’ ही बिछान्यापाशी घडणारी जोडी १७३६ची. तिच्यात भिंतीवरचा मदन आधी अग्निबाणाची वात पेटवतो आणि नंतर विझलेल्या बाणाकडे पाहून हसतो. या चित्रांतला तपशील भिंतीपासून वाचायला घ्यावा तो यासाठीच.

दुसरा कायदा लॉर्ड हार्डविकचा, २५ मार्च १७५४पासून लागू. एकवीस वर्षांखालच्यांना परवान्यावर लग्न करायचे तर बापाची संमती आवश्यक झाली आणि लंडनच्या फ्लीट तुरुंगाभोवती चालणारी झटपट लग्ने थांबली. स्कॉटलंडला मात्र हा कायदा लागू नव्हता. मग जोडपी सरहद्दीपलीकडच्या ग्रेटना ग्रीनकडे धावू लागली आणि चित्रकारांना आयता विषय मिळाला: शिडी, खिडकी, तयार घोडागाडी. चित्रकार रोलँडसनने १७८५ मध्ये अशा जोडप्याचा पाठलाग रंगवला तेव्हा सहानुभूती कोणाकडे आहे, हे लपवलेही नाही.

अशी चित्रे घराघरांत नेली ती लंडनच्या सेंट पॉल्स चर्चयार्डमधल्या छापचित्रांच्या प्रकाशकाने, कॅरिंग्टन बोल्सने. सुमारे १४ × १० इंचांची मेझोटिंट पद्धतीची छापचित्रे, साधी एक शिलिंगला, रंगवलेली दोनला. या पद्धतीत दातेरी अर्धगोल पाते तांब्याच्या पत्र्यावर अनेक दिशांनी डोलवतात. सारा पृष्ठभाग खरखरीत होतो, शाई धरतो आणि तसाच छापला तर गर्द काळा उमटतो. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडायचे आणि घोटायचे. रेशीम, मेणबत्ती, गालावरची लाली यांना याहून चांगले तंत्र त्या काळी नव्हते. अडचण टिकाऊपणाची. छापयंत्राच्या दाबाने खरखर चेपते, शंभरेक प्रतींनंतर काळा करडा पडू लागतो आणि पत्रा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. जाड रंगाचा थर दिसला तर खाली झिजलेला ठसा असण्याची शंका घ्यावी.

तारखेवरही भिस्त ठेवू नये. माल जुना वाटू नये म्हणून बोल्सच्या पत्र्यांवरची तारीख पुष्कळदा खरवडून टाकलेली आढळते. १७९३ मध्ये तो वारल्यावर बोल्स अँड कार्व्हर या पेढीने जुने पत्रे पुढे वापरात ठेवले.

पेहरावही फसवतो. जॉर्ज मॉर्लंडच्या चित्रांवरून जॉन राफाएल स्मिथने ठिपक्यांच्या कोरणीने केलेली ‘लेटिशिया’ ही सहा चित्रांची मालिका १७८९ची: घर सोडून पळालेली मुलगी, तिची फरफट, शेवटी घरी परतणे. १८११ मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा तेच प्रसंग होते, फक्त कपडे नव्या फॅशनचे केले होते.