छंदखेळ उद्योग : बाजार-वर्चस्व आणि नेतृत्व

बोर्ड गेम, भूमिका-खेळ (खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे नेतात ते), संग्राह्य पत्ते आणि लघुमूर्तींची (छोट्या मूर्ती पटावर मांडून खेळायची) युद्धे यांच्या व्यवसायात सर्वाधिक खप असणे आणि इतर प्रकाशकांनी आपणहून अनुसरावे असे स्थान असणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. पहिलीस बाजार-वर्चस्व व दुसरीस नेतृत्व म्हणता येईल. व्यापारी लिखाणात दोहोंची सरमिसळ होते.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतील लेक जिनीव्हा येथील टीएसआर या छोट्या संस्थेने प्रसिद्ध केला. त्याच्या उगमाचे श्रेय वादग्रस्त आहे. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांचे ‘चेनमेल’ हे लघुमूर्ती-युद्धाचे नियम १९७१ चे. डेव्ह आर्नेसन यांचा ‘ब्लॅकमूर’ हा खेळ साधारण त्याच सुमारास सुरू झाला असावा, आणि त्यामागे डेव्हिड वेस्ली यांच्या ‘ब्राउनश्टाइन’ या खेळाची प्रेरणा होती. आर्नेसन यांनी १९७९ मध्ये टीएसआरवर दावा लावला, तो १९८१ मध्ये तडजोडीने मिटला. एकाच पात्राने अनेक बैठकींत वाढत जाण्याची कल्पना आर्नेसन यांच्या टेबलावर रुजली आणि तिला छापील, विकता येणारे रूप गायगॅक्स यांनी दिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अशाच वादाचा नमुना पुण्याजवळही आहे. बॅडमिंटनचे आरंभीचे नियम १८७० च्या दशकात पुणे-खडकी छावणीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बांधले असे सामान्यतः मानले जाते, आणि काही काळ या खेळाला ‘पूना’च म्हणत, नाव मात्र टिकले ते इंग्लंडमधील एका वाड्याचे. फूल उडवण्याचा खेळ त्याहून जुना असल्याने उगमच पुण्याचा म्हणणे धाडसाचे ठरेल.

‘मॅजिक : द गॅदरिंग’ (१९९३) या पत्त्यांच्या खेळाच्या कमाईवर विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ मध्ये टीएसआर विकत घेतली, १९९९ मध्ये हॅस्ब्रो या खेळणी-कंपनीने विझर्ड्स घेतली. वर्चस्व असे भांडवलातून आले. नेतृत्व आले ते २००० च्या ओपन गेम लायसन्समधून, कारण या परवान्याने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमांचा गाभा कोणालाही रॉयल्टी न देता वापरता येऊ लागला आणि प्रतिस्पर्धीही त्याच नियमांवर पुस्तके रचू लागले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीसाठी कंपनीने कडक परवाना आणला. पुढच्याच वर्षी पायझो या प्रकाशकाने जुन्या मुक्त नियमांवर ‘पाथफाइंडर’ उभा केला, आणि २०११ च्या सुमारास काही व्यापारी क्रमवारींत तो पहिला आला. या क्रमवारी दुकानदार व वितरकांच्या मुलाखतींवर बेतलेल्या असतात, लेखापरीक्षित विक्रीवर नव्हे, म्हणून त्या बेतानेच घ्याव्यात. जानेवारी २०२३ मध्ये जुना परवाना रद्द करू पाहणारा मसुदा फुटला, तेव्हा खेळाडू व प्रकाशक यांच्या विरोधापुढे कंपनीने माघार घेतली आणि २७ जानेवारीला नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुला केला.

लघुमूर्तींच्या क्षेत्रात गेम्स वर्कशॉपचे (स्थापना १९७५) वर्चस्व बऱ्याच अंशी स्वतःच्या दुकानांच्या जाळ्यातून उभे राहिले. ‘कटान’ (१९९५) या जर्मन खेळाचे महत्त्व मुख्यतः इतरांनी केलेल्या अनुकरणातून दिसते.

वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणावे तसे पुण्यातही कोणत्याही भूमिका-खेळाला सर्रास ‘डीएनडी’ (डंजन्स अँड ड्रॅगन्स) म्हटले जाते, मग टेबलावर पाथफाइंडर असो की कोणी घरी रचलेले नियम. मुक्त नियमसंहितेची चारशेच्या आसपास पाने झेरॉक्सच्या दुकानात पाठपोट छापून स्पायरल बाइंडिंग केली, की वीस बाजूंच्या व इतर काही फाशांवर सहा जणांचा खेळ वर्षभर चालतो. अशी प्रत कोणत्याही विक्री-क्रमवारीत मोजली जात नाही.