ज्ञान-सत्ता

ज्ञान-सत्ता : ज्ञान आणि सत्ता एकमेकींना घडवतात, असे मांडणारी संकल्पना. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको (१९२६–१९८४) यांनी ती १९७० च्या दशकात विकसित केली. याच काळात ते पॅरिसच्या ‘कोलेज द फ्रान्स’ या उच्च शिक्षणसंस्थेत विचारपद्धतींचा इतिहास शिकवत होते.

त्यांच्या १९७५ च्या ‘शिस्त आणि शिक्षा’ या ग्रंथाच्या सुरुवातीला दोन दस्तऐवज येतात. राजा पंधराव्या लुईवर चाकू चालवणाऱ्या दामिअँला १७५७ मध्ये पॅरिसच्या भर चौकात हालहाल करून मारले, त्याचा वृत्तान्त पहिला. दुसरा सुमारे ऐंशी वर्षांनंतरचा, बालकैद्यांच्या तुरुंगाचा दिनक्रम : उन्हाळ्यात पाचला उठायचे, हिवाळ्यात सहाला, ढोल वाजताच मुकाट्याने कपडे घालायचे, नऊ तास काम, दोन तास शिक्षण. माणुसकी वाढली म्हणून शिक्षा सौम्य झाल्या, हा रूढ अर्थ फुको नाकारतात. त्यांच्या मते सत्ता आता कमी खर्चात, पण माणसाच्या अधिक खोलवर पोचू लागली. कैदी कोण, कोणत्या घरातला, सुधारेल का, हे जाणणे तिला गरजेचे झाले आणि त्यातूनच गुन्हेगारशास्त्राला विषय मिळाला.

परीक्षेचे विवेचन हा या मांडणीचा सर्वांत सकस भाग मानावा लागेल. शाळेतली चाचणी असो, रुग्णालयातली डॉक्टरांची फेरी असो की लष्करातली पाहणी. प्रत्येक ठिकाणी माणसाला निरखले जाते, इतरांशी तोलले जाते आणि त्याची नोंद होते. पूर्वी तपशिलाने लिहिली जात ती राजेरजवाड्यांची चरित्रे. अठराव्या शतकापासून मूल, रोगी, वेडा, कैदी यांच्या नावाने कागद जमू लागला. त्या कागदातून सरासरी निघाली, सरासरीतून ‘सामान्य’ माणूस ठरला आणि जो त्यात बसेना तो उपचाराचा विषय झाला. म्हणून सत्ता फक्त मनाई करते असे समजणे फुको यांना अपुरे वाटते. ती वास्तव निर्माण करते.

हा विचार नुसता ग्रंथालयात घडला नाही. १९७१ मध्ये फुको, इतिहासकार पिएर विदाल-नाके आणि संपादक झाँ-मारी दोमनाक यांनी तुरुंगांची माहिती गोळा करणारा गट स्थापला. कैद्यांपर्यंत प्रश्नावल्या पोचवून आतले हाल त्यांच्याच तोंडून बाहेर आणणे, हे त्याचे काम होते.

सत्ता सर्वत्र असते, असे फुको म्हणतात. ती सर्वत्रच असेल तर तिला विरोध कोणत्या आधारावर करायचा, असा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ युर्गन हाबरमास आणि अमेरिकी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांनी घेतला. तो वजनदार आहे. जिथे सत्ता तिथे प्रतिकार, हे फुको यांचे १९७६ मधले विधान त्याला पुरे पडत नाही.

फुको यांचा पुरावा बहुतांशी पश्चिम युरोपातला आहे. वसाहतींतले तुरुंग त्यात जवळपास येतच नाहीत. इतिहासकार डेव्हिड अर्नल्ड यांनी भारतातल्या ब्रिटिश तुरुंगांचा अभ्यास केला, तेव्हा तिथली शिस्त बरीच तोकडी आढळली. जातीच्या नियमांपुढे अधिकाऱ्यांना अनेकदा नमते घ्यावे लागे. १८५५ मध्ये बिहारमधल्या आरा आणि मुझफ्फरपूरच्या तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी दिली, तेव्हा दंगे उसळले.