पुठ्ठ्यातली भोकं आणि ‘पहिला प्रोग्राम’

‘जगातला पहिला संगणक म्हणजे माग आणि त्याचे भोकं पाडलेले पुठ्ठे म्हणजे पहिला प्रोग्राम’ ही गोष्ट अधूनमधून फिरत येते आणि सोलापुरात ती जरा जास्तच अभिमानाने पुढे पाठवली जाते. साहजिक आहे. आपली मयूरपंखी चादर जेकार्डवरच, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवरच विणली जाते.

मुळापाशी फार थांबायला नको. फ्रान्समधल्या लिऑनला १७२५ पासून भोकं पाडलेल्या कागदावर माग चालवायचे प्रयोग झाले आणि १८०४ च्या सुमारास ते धंद्यात टिकेल अशा रूपाला आले.

गुंता आहे तो ‘प्रोग्राम’ या शब्दाचा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात मागाच्या डोक्यावर फिरणारी पुठ्ठ्यांची माळ नीट बघा. एक पुठ्ठा म्हणजे धोट्याची एक खेप. भोक असलं की सुई त्यात शिरते, तिला जोडलेला आकडा (हूक) जागेवर राहतो आणि त्याचे ताण्याचे, म्हणजे उभे धागे वर उचलले जातात. भोक नसलं की सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो, धागे खालीच राहतात. माळेची टोकं जोडलेली, म्हणून नक्षी पुन्हा पुन्हा उमटते. पण माग कशाचा हिशेब करत नाही, कापडावर काय उमटलं ते बघून पुढचा पुठ्ठा बदलत नाही. पुठ्ठ्यावर असते ती नक्षी, आज्ञावली नव्हे.

१८३० च्या दशकात एका इंग्रज गणितज्ञाने हीच पुठ्ठ्याची कार्डं आपल्या हिशेब करणाऱ्या यंत्राच्या आराखड्यात घेतली. त्याने क्रियांची कार्डं वेगळी ठेवली, संख्यांची वेगळी, आणि आलेल्या उत्तरावरून कार्डं मागे फिरवायची सोय केली. प्रोग्राम जन्मला तो या सोयीत, असं माझं ठाम मत आहे. यंत्र मात्र पुरं झालं नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत मोजणीला वापरलेली भोकांची कार्डंही थेट मागावरून आली नाहीत. रेल्वेच्या तिकिटांना पाडलेली भोकं बघून ती कल्पना सुचली होती.

मागाचं श्रेय वेगळं आहे. त्याने नक्षी विणकराच्या हातातून काढून पुठ्ठ्यावर आणली आणि ते काम नव्या माणसांकडे गेलं. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा, मग त्याबरहुकूम भोकं पाडायची. एक भोक चुकलं तर दर चादरीत त्याच जागी तीच खोड. फिरत येणाऱ्या गोष्टीत या कारागिरांचा उल्लेखही नसतो, हे मला खुपतं.

१९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं. पुठ्ठ्याच्या जागी फाईल आली, आकडे विद्युतचुंबक धरू लागले. ग्राफ आता पडद्यावर रंगवतात. आकड्याला दर खेपेला मिळणारी सूचना मात्र तीच: उचल, नाहीतर राहू दे.