रात्र मोजणारा पावटा

मृग निघाला की आमच्या परसात पावट्याचं बी पडतं. कोल्हापुरातलं घर, मागं जेमतेम अर्धा गुंठा काळी जमीन. एक आळं मागच्या दाराजवळ, दुसरं कंपाउंडच्या कडेला, आणि दोन्ही वेल एकाच मांडवावर. बी एकाच वाटीतलं, शेणखत एकाच पाटीतलं. तरी दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर कंपाउंडकडचा वेल तुऱ्यांनी भरून गेला आणि दाराजवळचा नुसता माजत राहिला. "औंदा ह्याला खत जास्ती झालंय," सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच वाटलं. नत्र जास्त झालं की पाला सुटतो आणि फूल मागं पडतं, हे खरंच आहे.

दिवाळी गेली तरी फूल नाही. मग एका रात्री पाण्याची मोटर बंद करायला मागं गेले तेव्हा दिसलं. दारावर पावसाळ्यात बसवलेला एलईडीचा दिवा रात्रभर चालू असायचा, आणि त्याचा पांढरा उजेड नेमका त्या वेलाच्या पानांवर पडत होता.

पावटा रात्र मोजतो. कोल्हापुरात जूनमधला सगळ्यात मोठा दिवस १३ तासांहून थोडा मोठा असतो आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान ११ तासांहून थोडा मोठा. फरक दोन तासांचाच, पण गावठी पावट्याला तेवढा पुरतो. रात्र ठरावीक लांबीची झाल्याशिवाय तो फुलावर येत नाही. म्हणून बी मेमध्ये टाका नाहीतर जुलैत, शेंगा लागायच्या त्याच सुमाराला. लवकर लावल्यानं मांडव तेवढा जास्त भरतो. भोगीच्या भाजीत पावटा हक्कानं बसला आहे तो ह्याच हिशेबानं.

झाडं दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलतात हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडलं. त्यांच्याकडं तंबाखूचं एक वाण होतं. ते उन्हाळाभर नुसतं उंच वाढायचं, फुलायचं नाही. त्यांनी कुंड्या दुपारनंतर अंधारात ठेवून दिवस लहान केला, आणि ऐन उन्हाळ्यात फुलं आली. पुढं १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका तणावर प्रयोग केले. दिवसा मध्येच अंधार केला तर झाडाला फरक पडला नाही. लांब रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं उजेड दाखवला, तर फूल आलंच नाही. म्हणजे झाडाला महत्त्व सलग अंधाराचं. पानात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, ते उजेडाची खबर पानातल्या घड्याळाला देतं. ते १९५९ मध्ये हाती लागलं. लाल उजेड त्याला लगेच जागं करतो, आणि आपल्या पांढऱ्या दिव्यात लाल उजेड असतोच.

आपल्या भागात हे कुणाला नवीन वाटायला नको. दिवाळीच्या आगंमागं उसाला तुरा येतो, तोही वाढत्या रात्रीचा परिणाम. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन बाकीचं रान पिवळं पडलं तरी हिरवंच राहतं, त्यामागंही हेच कारण.

त्या रात्रीपासून दिवा बंद केला. दाराजवळच्या वेलाला तुरे आले, पण भोगी चुकली. शेंगा निघाल्या त्या फेब्रुवारीत. आता गणपती बसले की तो दिवा लावायचा नाही असं घरात ठरलं आहे. ज्यांना हा खटाटोप नको त्यांनी बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचे 'अर्का जय' किंवा 'अर्का विजय' हे झुडपी वाण लावावेत. ते रात्रीची लांबी बघत नाहीत. चवीला मला मात्र गावठीच लागतो.

परसातलं प्रत्येक झाड रात्र मोजतं असं नाही. आंब्याला मोहरासाठी गार रात्री लागतात. टोमॅटो उष्णतेला भितो. एप्रिलमध्ये दुपार ३५ अंशांच्या वर गेली आणि रात्रही उकडू लागली की त्याचे परागकण निकामी होतात आणि फुलं देठासकट गळतात. तेव्हा खत घालून काही होत नाही. लिंबू पाण्याचा ताण ओळखतं. पाणी तोडलं की वाढ थांबते, झाडात अन्न साठतं आणि पुन्हा पाणी मिळताच फूल फुटतं. उन्हाळ्यात लिंबं हवीत म्हणून हस्त बहार, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा, धरायचा मोह होतो. पण त्यासाठी ताण बसायला हवा तो ऐन पावसात, आणि आपल्या काळ्या जमिनीत ओल हटत नाही. माझ्या मते कोल्हापुरातल्या परसात तो नाद सोडलेला बरा.

दोडक्याचं घड्याळ मात्र रोजचं. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढेपर्यंत मिटतं; त्याच्याकडं मधमाश्या येतात. दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, दुधीचं पांढरंही, ते रात्रीच्या पतंगांसाठी. श्रावणात संध्याकाळभर झड लागली की पतंग फिरकत नाहीत. मग बोटाएवढे दोडके पिवळे पडून गळतात आणि आपण कीड शोधत बसतो.

अशा वेळी पतंगांचं काम हातानं करता येतं. मादी फुलाच्या मागं इवलासा दोडका असतो. नर फूल नुसत्या देठावर, तेही एका दांड्यावर घोसानं. आम्ही सहाच्या सुमारास छत्री घेऊन मागं जातो. मी छत्री धरते, लेक एक नर फूल खुडते, पाकळ्या मागं दुमडते आणि पिवळी पूड मादी फुलाच्या मधल्या हिरवट गाठीवर अलगद टेकवते. मग त्या फुलाच्या देठाला लाल दोरा बांधते, खुणेसाठी. गेल्या श्रावणात तिनं सात दोरे बांधले होते. तीन दिवसांनी त्यातले पाच दोडके हिरवेगार होऊन लांबू लागले होते. बिनदोऱ्याचे सगळे आळ्यात पडले होते.