एक फूट लांब, तीन इंच खोल

पावसाने दोन दिवस उघडीप दिली की मुंबई, ठाणे, कल्याण पट्ट्यात रविवारी सकाळी घमेली-फावडी घेतलेली माणसे रस्त्यावर दिसतात. कधी सोसायटीतली पोरे, कधी एकटा रिक्षावाला, तर कधी चौकात ड्युटीवर असलेला वाहतूक पोलीसच कडेचे पेव्हर ब्लॉक उचलून खड्ड्यात बसवत असतो. या दृश्याची आता इतकी सवय झाली आहे की वीस वर्षांपूर्वी ते असे दिसत नव्हते, हे आठवावे लागते. रस्ते तेव्हाही उखडत होते. पण शहरातल्या माणसाने दुसऱ्याचे काम आपल्या अंगावर घ्यावे, ही कल्पना नवी आहे.

गावात ती नवी नव्हती. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा श्रमदान हा शब्द सरकारी परिपत्रकांतही आला आणि मुरूम टाकून, धुमस मारून गावोगावचे जोडरस्ते लोकांनी केले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची कामे निघाली. त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि रस्त्याच्या कामाला मजुरी मिळू लागली. त्याआधीची एक गोष्ट इथे महत्त्वाची आहे. १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी रस्त्यांची प्रतवारी ठरवली: राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा, ग्राम. नियोजनासाठी ती गरजेची होती. पण 'हा रस्ता आमच्याकडे येत नाही' या उत्तराची मुळे त्याच प्रतवारीत आहेत. मुंबईत तर त्यावर आणखी थर चढले. महापालिका, सार्वजनिक बांधकाम खाते, रस्ते विकास महामंडळ, प्रदेश विकास प्राधिकरण, बंदराची हद्द असे पाच-सहा मालक एकाच शहरात झाले. दोन्ही द्रुतगती महामार्ग पालिकेच्या ताब्यात आले ते थेट २०२२ मध्ये. तोवर एकाच प्रवासात माणूस तीन वेगवेगळ्या यंत्रणांच्या खड्ड्यांतून जात होता आणि आपटल्यावर तक्रार कोणत्या दारात न्यायची, हे त्याला ठाऊक नसे.

आजच्या स्वयंसेवी दुरुस्तीची सुरुवात मी २०१० ते २०१५ या काळात धरतो. हैदराबादेत एका निवृत्त रेल्वे अभियंत्याने रस्त्याकडेला पडलेले डांबराचे गोळे गोळा करून आपल्या गाडीतून नेत एकेक खड्डा बुजवायला घेतला. काही काळाने तिथल्या महापालिकेनेच त्यांना साहित्य पुरवले. बंगळुरूत २०१५ च्या जूनमध्ये एका चित्रकाराने पाणी साचलेल्या मोठ्या खड्ड्यात खोटी मगर सोडली, बातम्या झाल्या आणि खड्डा बुजला. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस मुंबईत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर दुचाकीच्या मागे बसलेला एक सोळा वर्षांचा मुलगा पाण्याखाली न दिसणाऱ्या खड्ड्यामुळे गेला. त्याच्या वडिलांनी त्यानंतर बांधकामांवरून उरलेली खडी, रेती, पेव्हर ब्लॉक मागून आणून रस्त्यांवरचे खड्डे भरायला सुरुवात केली आणि ते थांबले नाहीत. मुंबईतल्या बहुतेक गटांना विचारा, कधी सुरू केलेत? उत्तरात हे वडील येतातच.

या तिन्ही घटना एकाच माळेत ओवल्या जातात, पण त्यांचा रोख एक नाही. हैदराबादचे काम दुरुस्तीचे होते. बंगळुरूचे लक्ष वेधण्याचे. मुंबईचे शोकाचे होते, आणि त्यात एक प्रश्नही होता: मुलाच्या मृत्यूला जबाबदार कोण? अशा अपघातात बहुधा चालवणाऱ्याच्याच नावावर निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला जातो. मुलगा गमावलेल्या घरात पोलीस चौकशीला येतात ते गाडी कोण चालवत होते हे विचारायला, हे ज्याने जवळून पाहिले असेल त्याला लोकांनी फावडे का उचलले ते वेगळे सांगावे लागत नाही.

न्यायालयात ही लढाई आधीच सुरू झाली होती. २०१३ च्या पावसाळ्यात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी शहरातल्या रस्त्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि त्याचीच जनहित याचिका झाली. मे २०१५ च्या आदेशात चांगल्या स्थितीतले रस्ते मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. एप्रिल २०१८ मध्ये राज्यातल्या पालिकांना तक्रार घेण्याची आणि ती वेळेत सोडवण्याची व्यवस्था घालून देण्यात आली. मधल्या काळात, २०१६ मध्ये, मुंबईतल्या ३४ रस्त्यांच्या कामांची चौकशी होऊन गुन्हे दाखल झाले. निकृष्ट कामाबद्दल जे कट्ट्यावर बोलले जाई, ते निदान कागदावर आले.

मग खड्डे म्हणजे नेमके किती, यावरून वाद पेटला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाची गाठ तिथे आहे, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवतो.

२०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये थोड्या थोड्या दिवसांनी माणसे जात होती. तेव्हा मुंबईत एका नागरिक मोहिमेने फोटो आणि ठिकाणासह खड्ड्यांची यादी केली; तिचा आकडा हजारांत गेला. पालिकेचा आकडा काहीशेच्या वर जायला तयार नव्हता. दोघेही खोटे बोलत होते असे नाही. मोजायचे काय, यावरच त्यांचे जमत नव्हते. रस्ते खात्यात 'खड्डा' वेगळा आणि 'बॅड पॅच' वेगळा. डांबराचा थर मोठ्या क्षेत्रावर झिजून, सोलून, उंचसखल झाला तर तो बॅड पॅच. त्याची दुरुस्ती वेगळ्या यादीत, वेगळ्या मुदतीत. केबल किंवा जलवाहिनीसाठी खणलेला चर नीट न बुजता खचला तर ती चर बुजवण्याची बाब, तिचे पैसेही वेगळ्या खात्यातले. दोन पेव्हर ब्लॉक निघून पडले तर तो आणखी तिसराच प्रकार. दुचाकीच्या चाकाला यातले काही कळत नाही. पडणाऱ्याला चारही ठिकाणी सारखेच लागते. पण यादीत त्यातला एकच खड्डा म्हणून मोजला जातो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत आठवडाभराची एक योजना आली. अ‍ॅपवर खड्ड्याची तक्रार करा, चोवीस तासांत बुजला नाही तर पाचशे रुपये मिळवा. कौतुक झाले, थोडी चेष्टाही झाली. लोक मोबाइल घेऊन खड्डे शोधत फिरले. बक्षिसाची रक्कम अधिकाऱ्यांच्या खिशातून जाणार असल्याने डांबराच्या गाड्या रात्रीतून धावल्या. त्या आठवड्यात कामाचा वेग खरोखरच वाढला होता आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र एक अट होती: खड्डा किमान एक फूट लांब आणि तीन इंच खोल असला पाहिजे.

ही अट कशी आली ते समजते. पैसे द्यायचे तर माप हवे. बोटभर भेगेवर कुणी पाचशे मागू नयेत. पण स्कूटरची चाके दहा-बारा इंचांची असतात. दोन इंच खोल, नऊ इंच लांब, सरळ कडांचा खड्डा, वर पाणी साचलेले, वेग चाळीसचा: यात स्कूटर जाते. चारचाकीतल्या माणसाला तिथे फक्त धक्का बसतो. म्हणजे ज्या मापाने खड्डा ठरला, ते मोटारीच्या सोयीचे माप होते, आणि खड्ड्यांत पडणारे तर मुख्यतः दुचाकीवरचे. ही अट बक्षिसापुरती होती, हा प्रशासनाचा खुलासा मान्य केला तरी त्यानंतर कितीतरी वेळा तक्रार नोंदवताना 'हा खड्डा होत नाही' हे उत्तर ऐकू आले आहे. एकदा ठरलेले माप आपला मुक्काम सहसा हलवत नाही.

तिसरा गुंता पोलिसांच्या नोंदीत आहे. केंद्राच्या वार्षिक अपघात अहवालात सरळ रस्ता, वळण, पूल, मोरी, चढ, काम सुरू असलेला रस्ता अशा रस्त्याच्या वैशिष्ट्यांच्या ओळीत 'खड्डा' ही एक ओळ असते. वळणावरच्या खड्ड्यात गाडी घसरली तर ती कोणत्या ओळीत जायची, हे पंचनामा करणाऱ्यावर. शिवाय कारणाच्या तक्त्यात अतिवेग लिहिणे सर्वांत सोपे. देशात खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा २०१६ मध्ये २,३२४, २०१७ मध्ये ३,५९७ आणि २०१८ मध्ये २,०१५ असा आहे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांचे १४,९२६ मृत्यू जेव्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा सीमेवर मारल्या जाणाऱ्यांशी त्यांची तुलना झाली आणि देश थोडा हलला. पण २०१७ वरून २०१८ ला आकडा एवढा खाली आला, तेवढे रस्ते एका वर्षात सुधारले असे निदान आपल्याकडच्या कुणाला वाटले नसेल. लिहिणाऱ्यांचा हात आवरला, असे मला वाटते.

स्वयंसेवकांच्या कामाची अडचण इथेच लक्षात येते. जो खड्डा आपण भरला, तो कोणत्याच यादीत राहत नाही. ठेकेदाराची दोषदायित्वाची मुदत चालू असेल तर त्याने तो फुकट दुरुस्त करायचा असतो. आपण आपल्या पैशाने बुजवला की त्याची सुटका. हा आक्षेप अनुभवी कार्यकर्तेच घेतात आणि तो रास्त आहे. पण उद्या सकाळी त्याच जागेवरून शाळेची मुले जाणार असताना यादीसाठी खड्डा उघडा ठेवायचा, हेही माणसाला जमत नाही.

भरणे टिकत का नाही, यावरही बरेच बोलले गेले आहे. पाणी भेगेतून शिरते, खडीवरचे डांबर सोडवते, खालचा थर मऊ करते आणि वरून चाके त्याला पिळून बाहेर काढतात. म्हणून खड्डा आधी चौकोनी कापायचा, कडा उभ्या करायच्या, सुटे सगळे काढायचे, कोरडा करायचा, डांबराचा हात मारायचा आणि थराथराने भरून दाबायचे, ही पद्धत पुस्तकात आहे. भर पावसात, चालू रहदारीत, रविवारच्या दोन तासांत यातले निम्मेही होत नाही. राडारोडा आणि माती टाकली तर दुसऱ्या सरीत चिखल होतो आणि सुटी खडी दुचाकीला खड्ड्याइतकीच धोक्याची असते. मी स्वतः पहिल्या वर्षी हीच चूक केली. पालिकेनेही सगळे करून पाहिले आहे: पेव्हर ब्लॉक, परदेशातून आणलेले थंड मिश्रण (न तापवता वापरायचे डांबर-खडीचे मिश्रण), मग वरळीच्या कारखान्यात बनवलेले थंड मिश्रण, मॅस्टिक (गरम ओतायचे दाट डांबरी मिश्रण), लवकर घट्ट होणारे काँक्रीट, आणि आता सरसकट काँक्रीटचे रस्ते. काही गटांनी थंड मिश्रणाच्या गोण्या विकत घेणे सुरू केल्यापासून त्यांचे भरलेले खड्डे बऱ्यापैकी टिकतात.

कायद्याने या माणसांना कुठे उभे केले आहे? १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार मुंबईतले सार्वजनिक रस्ते पालिकेचे आहेत. परवानगीशिवाय त्यांना हात लावणे नियमात बसत नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणेत दोन कलमे आली. एकाने रस्त्याची रचना आणि देखभाल मानकांप्रमाणे न ठेवणाऱ्या यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड ठेवला. दुसऱ्याने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. म्हणजे खड्ड्यात पडलेल्याला उचलणारा सुरक्षित आहे, पण तो पडू नये म्हणून खड्डा भरणाऱ्याला या कलमाचा आधार नाही. उद्या त्याच्या भरलेल्या खडीवरून कुणी घसरले तर काय, ही भीती कित्येकांना घरी बसवते.

कोकणात वेगळेच चालते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत आले आणि दरवर्षी गणपतीआधी चाकरमान्यांच्या गाड्या येण्याच्या सुमारास गावकरी कधी खड्डे भरतात, कधी खड्ड्यांत झाडे लावतात, कधी रस्त्यावर बसतात. तिथे हे काम आंदोलनापासून वेगळे काढता येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जुन्या याचिकेत मोठे पाऊल टाकले. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना इजेनुसार पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई. खड्ड्याची माहिती मिळाल्यापासून ४८ तासांत दुरुस्ती. आणि भरपाईची रक्कम जबाबदार अधिकारी वा ठेकेदाराकडून वसूल करण्याची वाट मोकळी. दावे ठरवायला समित्या नेमायचे आदेश निघाले. आता समितीपुढे कुटुंबाला सांगावे लागेल की तिथे खड्डा होता. केवढा होता, कधीपासून होता, आणि आज तिथे डांबर असेल तर त्याआधी काय होते, तेही.

आमच्या गटात त्यानंतर एक बदल झाला. घमेल्यात आता मोजपट्टी असते. भरण्याआधी ती खड्ड्यात आडवी आणि उभी धरून दोन फोटो काढायचे, शेजारचा दिव्याचा खांब त्यावरच्या क्रमांकासह चौकटीत घ्यायचा, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहायचा. आणि मगच पहिले फावडे.