माकुळाचा हात, क्युव्हिएचा कृमी

पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात माकूळ (स्क्विड) साफ करून घेताना आतून निघालेला ऐवज थेट कचऱ्यात जातो. एकदा तो थांबवून नीट पाहावा. मादीच्या पोटात पांढऱ्याशुभ्र, लांबट ग्रंथींची जोडी असते. गाभोळीच वाटते, पण अंड्यांवर चढणारा बुळबुळीत थर बनवायचं काम या ग्रंथींचं. पूर्ण वाढलेल्या नरात पांढऱ्या बारीक दोऱ्यांचा जुडगा सापडतो. त्यातला एकेक दोरा म्हणजे शुक्राणू भरलेली बंद नळी.

इंग्रज पाद्री नीडहॅम यानं या नळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि १७४५ साली त्यांचं वर्णन छापलं. नळी मोकळी झाली की टोक उघडतं, आतली स्प्रिंगसारखी गुंडाळी उलटी होऊन बाहेर फेकली जाते आणि तिच्यामागून शुक्राणूंचा गोळा ओढला जातो. नराच्या शरीरातली ही नळ्यांची पिशवी आजही नीडहॅमच्याच नावानं ओळखली जाते.

नळी मादीपर्यंत पोचते कशी, हे मच्छीमारांना फार आधीपासून ठाऊक होतं. नर ऑक्टोपसचा एक हात समागमाच्या कामी येतो, हे त्यांचं म्हणणं ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलं, पण स्वतः मानलं नाही. मला हा प्रसंग या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. पुढे १८२९ मध्ये ऑक्टोपसच्या जवळच्या आर्गोनॉट या प्राण्याच्या मादीत क्युव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाला एक तुकडा मिळाला. त्यानं तो परजीवी कृमी ठरवून त्याचं बारसंही केलं. तो होता नराचा तुटून आत राहिलेला हात! १८५३ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ हाइनरिश म्युलरनं आर्गोनॉटचा चिमुकला नर दाखवला, तेव्हा हा घोळ मिटला. तीनच वर्षांनी डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुपनं दाखवून दिलं, की माकुळासारख्या इतर प्राण्यांतही एखादा हात असाच बदललेला असतो, फक्त तो तुटत नाही.

आपल्या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या माकुळात तो खालच्या जोडीतला डावा हात. टोकाकडच्या चोषकांची, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्यांची, ठेवण तिथे वेगळी दिसते. या जातीला नाव मिळालं ते द्युव्होसेलचं, म्हणजे भारतात नमुने गोळा करताना १८२४ मध्ये मद्रासला वारलेल्या क्युव्हिएच्या सावत्र मुलाचं.

फलन नेमकं कुठे होतं, हा प्रश्न अमेरिकेच्या वुड्स होल इथे प्राणिशास्त्रज्ञ ड्रू यानं हाती घेतला. १९११ मध्ये त्यानं लिहिलं, की तिथल्या माकुळाचा नर कधी मादीला बाजूने धरून नळ्या तिच्या शरीराच्या पोकळीत ठेवतो, तर कधी समोरासमोर येऊन तोंडाखाली चिकटवतो. तोंडाखालच्या कप्प्यात शुक्राणू साठून राहतात आणि अंड्यांची माळ हातांमधून जाताना कामी येतात.

या दोन जागांचं महत्त्व जपानी संशोधकांनी २०११ मध्ये आणखी उलगडलं. तिकडच्या एका जातीत मोठे नर मादीची राखण करत आतली जागा वापरतात, तर छोटे नर चोरून येत तोंडाजवळची. आणि या छोट्या नरांचे शुक्राणू मोठ्यांच्या शुक्राणूंहून लांब असतात.